फॅक्ट, डायमेन्शन, मेजर: काटापट्टी समोर ठेवून

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावर मी एकोणीस वर्षं बसतो आहे. आधी वही होती, मग एक्सेल आलं, आणि तीन हंगामांपासून पॉवर बीआय, म्हणजे टेबल जोडून हिशोब आणि चार्ट दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. यंदा हाताखाली आलेला पोरगा बीकॉम झालेला, एक्सेलमध्ये माझ्यापेक्षा चपळ. पण पहिल्याच दिवशी स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "काका, हे फॅक्ट, डायमेन्शन, मेजर... मले तर काहीच समजून नाही राह्यलं." त्याला जसं सांगितलं तसंच इथे लिहितो. या शब्दांचं मराठी करत बसलो नाही. स्क्रीनवर जे दिसतं तेच तोंडात बसलेलं बरं, नाहीतर शोधताना पंचाईत होते.

सुरुवात कॉम्प्युटरवर करू नका. एक काटापट्टी हातात घ्या. पट्टी नंबर, तारीख, शेतकरी, गाव, गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, खाली गाडीचं वजन, निव्वळ वजन, ओलावा, भाव, रक्कम. आता ज्या आकड्यांची दिवसाखेर बेरीज मारता, त्यांना पेनानं गोल करा. निव्वळ वजन आणि रक्कम, दोनच. पट्टी नंबरही आकडाच आहे, पण त्याची बेरीज कोणी करतं का? पॉवर बीआय मात्र करतं. आकड्यांचा कॉलम दिसला की त्यापुढे बेरजेची खूण लावून मोकळं होतं. अशा कॉलमवर 'डोन्ट समराइज' निवडून ठेवा.

रोजच्या पट्ट्यांचा जो टेबल, तो फॅक्ट टेबल. तो रोज लांबत जातो. "कोणत्या गावचा किती, कोणत्या महिन्यात किती" असं विचारायला जे लागतं, ते डायमेन्शन: गावांची यादी, शेतकऱ्यांची यादी, तारखांची यादी. या याद्या हळूहळू वाढतात. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलला तर तो शेतकऱ्यांच्या यादीत एकदाच बदलायचा, हजार पट्ट्यांवर नाही. एवढ्यासाठीच टेबल वेगळे ठेवायचे.

पुढचा शब्द ग्रेन. नाव धान्याचं, पण अर्थ इतकाच: फॅक्ट टेबलमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला नाही आणि पस्तावलो. मी एका गाडीची एक ओळ धरली होती. पण दिवाळीच्या आधी लहान शेतकरी मिळून एकच टेम्पो करतात. एकाचा कापूस खाली झाला की गाडी पुन्हा काट्यावर, मग दुसऱ्याचा. तीन पट्ट्या, गाडी एक. मी नावाच्या खान्यात "राऊत व इतर दोघे" लिहून ठेवलं. मार्चमध्ये शेठजींनी शेतकरीनिहाय यादी मागितली तेव्हा ते इतर दोघे कोण, हे शोधायला जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे सोडावे लागले. आता आमची एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याची एक पट्टी. गाड्या किती आल्या हे हवं असेल तर वेगवेगळे गाडी नंबर मोजायचे, त्याला डिस्टिंक्ट काउंट म्हणतात. त्यातही तोच टेम्पो दिवसात दोनदा येतो, म्हणून फेरीचा नंबर जोडला. ग्रेन कागदावर एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. आमच्या केबिनमध्ये चिकटवलं आहे.

'की' (key) म्हणजे ओळख पटवणारा नंबर. नावावर भरवसा ठेवू नका. सावंगी म्हटलं तर कोणती? सावंगी मेघे वेगळी, तालुक्यागणिक आणखी निघतात. राऊत तर एकेका गावात आठ-दहा. गावासाठी मी २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी क्रमांक घेतला, शेतकऱ्याला आमचाच खाते नंबर दिला. डायमेन्शनमध्ये 'की' एकदाच येते, फॅक्टमध्ये कितीही वेळा. म्हणूनच दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या एका टोकाला १ दिसतो, दुसऱ्या टोकाला चांदणी. ही रिलेशनशिप. गाळणी, म्हणजे फिल्टर, १ कडून चांदणीकडे वाहते: गाव निवडलं की त्याच गावच्या पट्ट्या उरतात. दोन्ही टोकांना चांदण्या दिसल्या तर बहुतेक वेळा यादीत तेच गाव दोनदा आलेलं असतं. ते आधी दुरुस्त करा.

मधे खरेदी (आमच्या पट्ट्यांच्या फॅक्ट टेबलचं नाव), भोवती गाव, शेतकरी, तारीख: या मांडणीला स्टार स्कीमा म्हणतात. राल्फ किंबॉल यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. पॉवर बीआय बाजारात आलं २०१५ मध्ये, म्हणजे मांडणी त्याच्याहून जुनी आहे.

आता कॅल्क्युलेटेड कॉलम आणि मेजर. सगळे इथेच अडखळतात. दोन्ही सूत्रानंच बनतात. कॉलम प्रत्येक ओळीपुढे एकदा मोजून फाइलमध्ये साठवला जातो. कापसाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, म्हणून तारखांच्या यादीत मी 'हंगाम' नावाचा कॉलम केला. जानेवारीतली पट्टी आदल्या ऑक्टोबरच्या हंगामात पडते. हे एकदा ठरलं की बदलत नाही, म्हणून कॉलम. मेजर साठवलं जात नाही. तुम्ही जे गाव, जो महिना निवडाल, त्या क्षणी तेवढ्यापुरतं मोजलं जातं. या निवडलेल्या चौकटीला फिल्टर कॉन्टेक्स्ट म्हणतात.

आता तो भाव. पोराला दोन पट्ट्या दिल्या. पहिली २ क्विंटल, भाव ७१००. दुसरी ४० क्विंटल, भाव ६६००. "सरासरी भाव किती पडला?" त्यानं झटक्यात ६८५० सांगितलं. पॉवर बीआयमध्ये भावाच्या कॉलमवर ॲव्हरेज लावलं तरी हेच येतं. मग मी म्हटलं, पैसे मोज. १४,२०० अधिक २,६४,०००, झाले २,७८,२००. भागिले ४२ क्विंटल. उत्तर ६६२४ च्या आसपास. क्विंटलमागे सव्वादोनशेचा फरक! शेठजी ६८५० धरून गाठींचा हिशोब करायला बसले असते तर? म्हणून भावाला गोल केला नव्हता. त्याचं मेजर असं:

खरेदीभाव = डिव्हाइड(सम('खरेदी'[रक्कम]), सम('खरेदी'[क्विंटल]))

डिव्हाइड आणि सम ही फंक्शनची नावं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. टेबलाची, कॉलमची नावं देवनागरीत चालतात. या सूत्रांच्या भाषेला डॅक्स म्हणतात. हे मेजर लावल्यावर खालच्या टोटलला वरच्या ओळींची बेरीज येणार नाही, सगळ्यांचा मिळून पडलेला भाव येईल. तो बरोबर आहे, घाबरू नका. ओलाव्याचंही तसंच, दोन क्विंटलचा आणि चाळीस क्विंटलचा ओलावा एका मापानं धरायचा नाही.

रिफ्रेशबद्दल थोडंच. इम्पोर्ट पद्धतीत पॉवर बीआय तुमच्या डेटाची नक्कल ठेवतं. एक्सेलमध्ये पट्टी चढवली म्हणून चार्ट आपोआप हलत नाही, रिफ्रेश दाबावं लागतं. पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम, फुकट आहे, शिकायला तेवढं पुरे.

रिफ्रेश झाल्यावर मी आधी गावांच्या यादीत 'ब्लँक' आहे का ते पाहतो. फॅक्टमध्ये असा गाव-क्रमांक आला जो डायमेन्शनमध्ये नाही, तर पॉवर बीआय तो माल फेकत नाही, ब्लँकच्या नावावर जमा करतं. परवा त्यासमोर ६२ क्विंटल दिसले. पोरगा म्हणाला, "काका, हे ब्लँक कोणतं गाव व्हय? कापूस तर लय पिकवते." पट्ट्या काढल्या, तर वणीकडच्या एका गावातून यंदा पहिल्यांदाच चार गाड्या आल्या होत्या. त्यानं यादीत गाव चढवलं, रिफ्रेश दाबलं, ब्लँक गेलं.