सुकाणूचे गजन नव्याने बसवताना भोकांचं काय करायचं

सुकाणू खडखडतंय आणि मागच्या फळीला आतून ओल दिसतेय, मग गजन काढा आता, पुढच्या सीझनवर ढकलू नका. (गजन म्हणजे होडीवरची कडी, तिच्यात बसते ती सुकाणूवरची पिन म्हणजे पिंटल.) बोल्ट काढा, जुनं सिलिकॉन खरवडा, ॲसिटोनने पुसा.

आता भोकं. इथे माझे दोन सीझन गेले. मला सांगितलेलं की भोकात सीलंट ठासून भर आणि आवळ, झालं! पण तेवढ्याने भागत नाही. बऱ्याच होड्यांत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असतं, बोल्टच्या कडेने पाणी झिरपतं आणि ते आतल्या आत कुजतं, वरून मात्र सगळं चकाचक. मी ड्रिल घातलं तर भुश्याऐवजी काळा चिखल बाहेर आला.

म्हणून आधी लाकूड पूर्ण वाळू द्या, आठवडे लागले तरी लागू देत, आणि जे मऊ पडलंय ते कोरून काढा. 6 मिमीचा बोल्ट असेल तर भोक 12 मिमीचं करा, आतून टेप लावा, आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) लाकडाला पाजा आणि मग सिलिका पावडर घालून दाट केलेलं इपॉक्सी भरा. कडक झाल्यावर वरच्या-खालच्या दोन्ही गजनांतून एकच सरळ सळई घालून जागा पक्की करा, नाहीतर सुकाणू अडकतं, आणि मगच मधोमध 6 मिमीचं भोक पाडा. आता सीलंट फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. भोकाच्या तोंडाची कड थोडी उतरती करा, सीलंटला बसायला जागा मिळते.

सीलंट म्हणून मी ब्यूटाइल टेपच (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरतो. कायमचं चिकटवणारं पॉलियुरेथेन इथे नकोच, पुढे गजन काढताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, उखडून येतो. बोल्ट 316 (खाऱ्या पाण्यात कमी गंजणाऱ्या) स्टीलचे, आतून नटाखाली जोर पसरवणारी बॅकिंग प्लेट. आवळताना बोल्ट धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा, बोल्ट फिरला की सील गेलं. ब्यूटाइल हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं आवळा.

सुकाणू गजनातून वर निघू न देणारी क्लिप विसरू नका, नाहीतर होडी उलटली की सुकाणू निसटून जातं.

डोलकाठीचं काम त्यामानाने सोपं. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू जाणार असेल तर मध्ये गंजरोधक पेस्ट लावा, नाहीतर तो जाम होतो. स्प्लिट पिना (टोकं फाकवून अडकवतात त्या) नव्या घाला. आणि डोलकाठीला धरणाऱ्या तारेचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी अख्खी तार बदला, टेप गुंडाळून पाण्यात जाऊ नका.