रुग्णालयातून घरी आलेल्या वृद्धांची शुश्रूषा : या चुका टाळा

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेली वयस्कर व्यक्ती रुग्णालयातून घरी येते, तेव्हा आता त्यांना पूर्ण आराम द्यायचा आणि कशाचाही त्रास होऊ द्यायचा नाही, असे घरातील सर्वांनाच वाटते. ही भावना प्रेमापोटी आलेली असली, तरी पहिल्या काही आठवड्यांत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ तिच्यातच असते. दिवसभर पडून राहू देणे, आडवे असतानाच भरवणे, वारंवार लघवी नको म्हणून पाणी कमी देणे आणि प्रत्येक गोष्ट आपणच करून टाकणे, यांमुळे वृद्ध शरीराचे होणारे नुकसान कधी कधी मूळ आजारापेक्षाही मोठे ठरते.

घरी निघण्याची घाई

डिस्चार्जच्या दिवशी बिल, विम्याची मंजुरी आणि गाडीची व्यवस्था यांत सगळा वेळ जातो आणि विचारायच्या गोष्टी विचारायच्या राहतात. शस्त्रक्रिया झालेल्या पायावर किती भार द्यायचा, कोणत्या कुशीवर वळवायचे, किती उंच खुर्चीवर बसवायचे, टाके कधी काढायचे आणि व्यायाम कोण शिकवणार, हे लिहून घेतल्याशिवाय निघू नये. उठवून बसवणे, डायपर बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे परिचारिकेने करताना नुसती पाहू नयेत, तर त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून पाहावीत. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी, मात्र जमिनीला टेकू नये, ही एवढीशी बाब घरी आल्यावर हमखास विसरली जाते.

औषधांच्या बाबतीत होणारी नेहमीची चूक म्हणजे जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवून नव्या सुरू करणे. फॅमिली डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी आणि रुग्णालयाने दिलेली गोळी यांची नावे वेगळी असली, तरी आतील घटक एकच असू शकतो. दोन्ही घेतल्या गेल्या की रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते आणि पुन्हा पडणे होते. घरातील सर्व पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि कोणती बंद करायची हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्यापूर्वीही विचारावे, कारण शरीरात सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर सगळा डोस एकदम रक्तात उतरतो. सर्दीच्या साध्या गोळ्यांमुळे वृद्धांना भ्रम होऊ शकतो किंवा लघवी अडू शकते, तर दुखण्यावरच्या काही गोळ्या मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला घातक ठरतात. त्यामुळे दुकानदाराच्या सल्ल्याने काहीही आणू नये.

पाठीच्या जखमा : सर्वांत महागात पडणारी चूक

अंथरुणावरच्या जखमा, म्हणजे बेडसोअर, वाईट देखभालीच्या घरातच होतात असा समज आहे. प्रत्यक्षात रुग्णाला गाढ झोप लागली आहे, मग कशाला हलवायचे, या विचारापोटी त्या चांगल्या घरांतही होतात. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या व्यक्तीला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, आणि खुर्चीत बसवले असेल तर भार याहूनही लवकर हलवावा लागतो. हवेची गादी भाड्याने आणली म्हणजे वळवण्याची गरज संपली, असे मुळीच नाही.

डाव्या कुशीवर वळवायचे असेल तर त्यांच्या डाव्या बाजूस उभे राहावे. त्यांचा उजवा गुडघा दुमडून तळपाय गादीवर टेकवावा, उजवा हात पोटावर घ्यावा, आपला एक हात उजव्या खांद्यामागे आणि दुसरा उजव्या नितंबामागे लावावा आणि त्यांना सांगून, एका लयीत आपल्याकडे वळवावे. पूर्ण आडव्या कुशीवर ठेवल्यास सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन किंचित तिरपे ठेवणे चांगले. पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी राहतील असे पाहावे. खुब्याचे ऑपरेशन झाले असल्यास दोन्ही पायांच्या मध्ये उशी लागते, आणि अशा वेळी वळवण्याची पद्धत सर्जनने सांगितल्याप्रमाणेच असावी.

रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना माकडहाड, नितंब, खुबे, टाचा, खांदे आणि डोक्याची मागची बाजू पाहावी. लालसर डाग दिसला तर बोटाने काही क्षण दाबून सोडावा. तो फिकट होऊन पुन्हा लाल झाला, तर त्या जागेवरचा भार ताबडतोब काढावा. दाबूनही रंग बदलला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. सावळ्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही. तेथे जागा काळपट किंवा जांभळट होते, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते, म्हणून डोळ्यांइतकाच हाताचाही उपयोग करावा. अशा लाल जागेवर तेल लावून जोराने चोळण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने आतील नाजूक रक्तवाहिन्या अधिक दुखावतात. मधे भोक असलेली गोल उशीही वापरू नये, कारण तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो. टाल्कम पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात आणि तेच त्वचेला घासतात. त्वचा कोरडी आणि चादर सुरकुतीविना ठेवणे जास्त उपयोगाचे.

भरवताना

आडवे ठेवून चमच्याने पाणी किंवा चहा घालणे धोक्याचे आहे. अन्नाचा कण किंवा पाण्याचा घोट श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास खोकला न येताही असे घडते. पाठ ताठ ठेवून पूर्ण बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा आणि आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. जेवणानंतर किमान अर्धा तास बसवून ठेवावे.

पातळ ते गिळायला सोपे, ही समजूत अनेकदा चुकीची ठरते. गिळण्याचा त्रास असलेल्यांना साधे पाणी सर्वांत अवघड जाते आणि दाटसर पेज सोपी. पातळ वरणात कालवलेला भात, चहात बुडवलेले बिस्किट असे अर्धे घट्ट आणि अर्धे पातळ पदार्थ विशेष त्रासाचे असतात. जेवताना ठसका लागणे, घशात पाणी असल्यासारखा घरघरणारा आवाज येणे किंवा घास गालात साठून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी आणि दात नसले तरी तोंड रोज पुसावे, कारण तोंडातील जंतूच छातीत उतरतात.

उठवणे आणि बसवणे

दोन्ही हात धरून ओढत उठवू नये. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा अशाने निखळू शकतो. आधी कुशीवर वळवून पाय पलंगाखाली सोडावेत, बसते करावे आणि एक-दोन मिनिटे तसेच बसू द्यावे, म्हणजे रक्तदाब सावरतो. उठवणाऱ्याने कमरेत वाकण्याऐवजी गुडघ्यात वाकावे. चाकांच्या खुर्चीचा ब्रेक आधी लावावा.

पुन्हा पडण्याचा धोका न्हाणीघरात आणि रात्रीच्या वाटेवर सर्वाधिक असतो. भिंतीत पक्के बसवलेले लोखंडी दांडे, कमोड खुर्ची, रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि दाराजवळची पायपुसणी हटवणे, एवढे रुग्ण घरी येण्यापूर्वीच करावे. मात्र पडण्याच्या भीतीने चालणेच बंद करू नये. पडून राहिलेल्या वृद्धांचे स्नायू फार झपाट्याने झिजतात. केस विंचरणे, चमचा धरणे, शर्टाची बटणे लावणे त्यांना जमत असेल तर वेळ लागला तरी त्यांनाच करू द्यावे.

अचानक भ्रम होणे म्हणजे म्हातारपण नव्हे

काल नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली, रात्रभर जागू लागली किंवा उलट सुस्त पडून राहिली, तर वयाने असे होतेच, असे म्हणून गप्प बसू नये. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठ, लघवी अडणे, नवे औषध, यांपैकी काहीतरी त्यामागे असते आणि बहुधा ते बरे करता येते. मधुमेह असल्यास लगेच साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे किंवा जीभ जड होणे दिसले, तर झटका किती वाजता आला हे लिहून ठेवून लगेच निघावे, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर पाणी कधीही तोडू नये.

कागदपत्रे आणि माणसे

कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की काळजी मिटली, असे अनेकांना वाटते, पण व्यक्तीची निर्णयक्षमता गेल्यावर ते कायद्याने संपुष्टात येते. म्हणून संयुक्त खाते आणि नामनिर्देशन वेळीच करावे. सही करता येत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन बँक व्यवहार करू शकते, आणि ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये दिलेल्या आहेत. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. ७० वर्षांवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरी ठेवलेल्या मावशींच्या पगारासाठी नाही, हे खर्चाचा हिशेब करताना लक्षात असू द्यावे.

ब्युरोमार्फत मावशी किंवा मामा ठेवताना त्यांचे ओळखपत्र पाहावे, पोलीस पडताळणी करावी आणि पहिले काही दिवस घरातील माणसाने सोबत थांबावे. औषध, पाणी, लघवी, शौच आणि कूस बदलल्याची वेळ एका वहीत लिहिण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवली, तर पाळी बदलल्यावर काहीही सुटत नाही आणि डॉक्टरांनाही नेमके सांगता येते.

घरातील एकाच व्यक्तीवर, बहुतेक वेळा सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर, रात्रंदिवसाचा भार टाकणे ही मात्र सगळ्या घराने मिळून केलेली चूक आहे. तिची झोप तुटली की औषधाच्या वेळा चुकतात आणि तिची कंबर गेली की रुग्णाला उठवायला कोणी उरत नाही. परगावी असलेल्या भावंडांनी रोज फोनवर चौकशी करण्याबरोबर औषधांची मागणी, बिले, बँक आणि विमा ही कामे पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत, आणि महिन्यातील ठरावीक दिवस येऊन राहण्याच्या तारखा आताच कळवाव्यात.