जुनी फॅमिली जेट बोट घेताय? आधी वाकून पंप बघा

टेक्सासमधल्या डॅलस, फ्रिस्को, प्लेनोकडच्या आपल्या मंडळींमध्ये उन्हाळा आला की हा विषय निघतोच, दर वेळी भाड्याने बोट घेण्यापेक्षा स्वतःचीच घेऊन टाकू. मग नवीन बोटीची किंमत बघून सगळे गप्प होतात आणि गाडी सेकंडहँडवर येते. तिथे पोरंबाळं असलेल्या घराला पहिली भुरळ पडते ती जेट बोटीची. बाहेर फिरणारा पंखा नाही, मागे पाय सोडून बसायला मस्त प्लॅटफॉर्म, उथळ पाण्यातही चालते, ट्यूबिंगला, म्हणजे हवा भरलेली ट्यूब मागे ओढत पोरांना फिरवायला, एक नंबर. हे सगळं खरंच आहे, पण जुनी जेट बोट तपासायची पद्धत साध्या आउटबोर्डवाल्या (मागे बाहेर मोटर टांगलेल्या) बोटीसारखी नाही, आणि विकणारा नेमका तुम्हाला वरचं वर दाखवत राहतो, स्पीकर, लाइट्स, टॉवर, नवीन सीट कव्हर वगैरे.

बाजारात काय मिळतं ते आधी. सगळ्यात जास्त दिसतात यामाहा, १९ फुटीत बहुतेक एक इंजिन आणि २१ नि २४ फुटीत दोन. मग सी-डू, म्हणजे चॅलेंजर, स्पीडस्टर वगैरे, पण त्या बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने २०१२ मध्ये या स्पोर्ट बोटी बनवणंच बंद केलं त्यामुळे आता दिसेल ती जुनीच. इंजिनाचे पार्ट मिळतात कारण बोटीतली रोटॅक्स इंजिनंच त्यांच्या जेट स्कीतही होती, पण बोटीचे खास पार्ट शोधत बसावं लागतं. स्कॅरॅबच्या जेट बोटीतही रोटॅक्सच. आणि २००० च्या आसपासच्या काही मोठ्या सी-डूमध्ये मर्क्युरीचं टू-स्ट्रोक व्ही-६ इंजिन आहे, स्वस्तात मिळतात, पण ओळखीचा पक्का मेकॅनिक नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

जेट बोट चालते कशी ते डोक्यात असलं की काय तपासायचं ते आपोआप कळतं. इंजिन एका दांड्याने (शाफ्ट) इम्पेलर, म्हणजे नळीतला पंखा, फिरवतं, तो तळातल्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या नॉझलमधून जोरात फेकतो. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी १९५० च्या दशकात हे तंत्र तिकडच्या उथळ, गोटाळ नद्यांसाठी कामाचं करून दाखवलं, त्यामुळे उथळ पाणी हा याचा जन्मजात गुण. पण लोक त्याचा अर्थ असा घेतात की वाळूत घुसवली तरी चालेल. चालत नाही. दोन-तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात थ्रॉटल दिला की पंप वाळू, खडे, शेवाळ सगळं आत खेचतो, आणि आधीच्या मालकाने बोट कशी वापरली हे त्या पंपात लिहिलेलं असतं. तो बोलो न बोलो.

म्हणून बोट ट्रेलरवर असताना पहिलं काम, जुनी टी-शर्ट घालून जा, टॉर्च घ्या आणि खाली शिरा. तळाच्या जाळीतून वर उजेड टाकला की इम्पेलरची पाती दिसतात, मागून नॉझलमधूनही थोडी दिसतात. पात्यांच्या पुढच्या कडा बघा, टवके, वाकलेले कोपरे, खरबरीत झालेलं काही आहे का. मग पात्याचं टोक आणि बाजूची रिंग यातली फट. ही वेअर रिंग सी-डूमध्ये प्लास्टिकची असते, मुद्दाम झिजण्यासाठीच असते, स्वस्त असते, पण तिच्यावर खोल चरे असतील किंवा फट मिलिमीटरच्या घरात गेली असेल तर पंपाची पकड गेली समजा. पिचकारीचा वायसर झिजला की कितीही जोर लावा, पाणी बाजूनेच मागे येतं, तसंच हे. नुसती वेअर रिंग गेलेली असेल तर घाबरू नका, भाव पाडायला चांगलं कारण आहे. इम्पेलरही गेलेला असला तरी पैसे घालून सुटतो. पण हाताने इम्पेलर फिरवल्यावर (किल्ली काढून, लॅनयार्ड म्हणजे इंजिन बंद करणारी सेफ्टीची दोरी काढून, मगच हात घाला) बेअरिंगचा घर्रर्र आवाज येत असेल, खटका लागत असेल, तर खर्च कुठे थांबेल ते पंप उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. शाफ्टला दोरी गुंडाळली गेल्याच्या खुणा पण बघा, ट्यूबची दोरी आत ओढली जाणं हा जेट बोटींचा नेहमीचा आजार आहे.

यामाहाच्या बऱ्याच मॉडेल्सना मागच्या प्लॅटफॉर्मवर झाकण उघडून पंप साफ करायची सोय असते. त्याचे प्लग बाहेर काढून बघा, रबर सील फाटलंय का, लॉक नीट बसतं का. हे प्लग नीट बसले नाहीत तर पाणी भलतीकडे शिरतं. अजून एक म्हणजे शाफ्ट हलमधून (बोटीच्या सांगाड्यातून) बाहेर जातो तिथल्या बेअरिंगला ग्रीस लागतं, ते कधी दिलं होतं ते मालकाला विचारा. "कुठलं ग्रीस?" असं उत्तर आलं तर मेंटेनन्सची बाकीची उत्तरं पण तशीच असणार.

इंजिन. इथे यामाहा आणि रोटॅक्स यांत एक मोठा फरक आहे. यामाहात बाहेरचंच पाणी इंजिनातून फिरून इंजिन थंड करतं. रोटॅक्सच्या फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं कूलंट गाडीसारखं बंद सर्किटमध्ये असतं, पण एक्झॉस्टमध्ये बाहेरचं पाणी फिरतंच. म्हणजे यामाहा खाऱ्या पाण्यात, गॅल्व्हेस्टन किंवा कॉर्पस क्रिस्टीला चालवली असेल आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने फ्लश केली नसेल तर मीठ थेट इंजिनाच्या आत. हॅच उघडून बघा, स्क्रूंची डोकी गंजलीत का, होसच्या क्लॅम्पजवळ पांढरी पूड जमलीय का, अॅनोड (बाकीचे भाग गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) खाऊन संपलाय का. आणि सहज विचारल्यासारखं विचारा, फ्लश कसं करता? बरोबर पद्धत अशी की आधी इंजिन चालू, मग नळ, आणि बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं सांगणारा माणूस भेटला तर सावध व्हा, इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमधून उलटं इंजिनात जाऊ शकतं.

सुपरचार्जर असलेलं रोटॅक्स, म्हणजे २१५ किंवा २५५ हॉर्सपॉवरवालं, असेल तर एकच प्रश्न, रिबिल्ड कधी केला, आणि बिल दाखवा. सुरुवातीच्या वर्षांतल्या सुपरचार्जरमध्ये सिरॅमिकचे वॉशर होते, ते तुटून तुकडे इंजिनात जायचे, आणि १०० तासांना रिबिल्ड करा असं कंपनीच सांगायची. बिल नाही तर केलेला नाही असं धरून हिशोब करा. फॅमिलीसाठी माझं सरळ मत, सुपरचार्जर नसलेलं १५५ हॉर्सपॉवरवालं घ्या, पोरांना ट्यूबवर ओढायला तेवढं पुरतं आणि रात्री झोप लागते.

तासांबद्दल लोक फार डोकं लावतात. वर्षाला साधारण ५० तास हे घरगुती वापराला ठीक, पण मला १० वर्षांत ३० तास चाललेली बोट ३०० तासवाल्या बोटीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते, कारण उभ्या बोटीत पेट्रोल सडतं, सील वाळतात, उंदीर वायरी खातात. दोन इंजिनं असतील तर दोघांचे तास जवळजवळ सारखे हवेत, एकाचे खूप कमी असतील तर ते बदललंय किंवा बराच काळ बंद होतं, कारण विचारा. डीलर किंवा मेकॅनिक लॅपटॉप लावून कोणत्या आरपीएमला किती तास चालली हे पण काढू शकतो, यामाहाला वायडीएस, सी-डूला बड्स नावाचं सॉफ्टवेअर आहे. हे नक्की करून घ्या. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं), सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. आणि डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी गेलंय, थँक्यू म्हणून निघायचं.

टेक्सासमधली एक खास भानगड म्हणजे झेब्रा शिंपले. २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडले आणि नंतर बऱ्याच लेकमध्ये पसरले. ट्रेलरवर घरी येणाऱ्या बोटीला फारसा धोका नाही, पण मरीनात महिनोन्महिने पाण्यात बांधून ठेवलेल्या जेट बोटीच्या इनटेकमध्ये, कूलिंगच्या बारीक वाटांमध्ये हे शिंपले चिकटून बसतात. म्हणून बोट कुठे ठेवली होती हा प्रश्न किती तास चालली याच्याइतकाच महत्त्वाचा. ह्यूस्टनकडची बोट असेल तर २०१७ च्या हार्वी वादळात बुडाली होती का तेही बघा, इंजिनाच्या खोलीत आतल्या भिंतीवर चिखलाची आडवी रेघ, गालिचाखाली गाळ, सगळ्या वायरींच्या टोकांना सारखाच गंज, अशा खुणा राहतात.

हल आणि आतलं सामान पटकन सांगतो. तळाच्या मधल्या कडेला वाळूवर चढवून चढवून जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, उडालेला असतोच, फायबर उघडं पडलं नसेल तर सोडून द्या. कोपऱ्यात, टॉवरच्या पायाजवळ बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तर बोट कुठेतरी आपटली असू शकते. फ्लोअरवर सगळीकडे टाच दाबून चाला, कुठे दबतंय का. सीटची शिलाई उन्हाने जाते, पण नवीन करून घ्यायला गेलं की किंमत ऐकून चक्कर येते, तेव्हा ती भावात धरा.

आता पाणी. पाण्यात न उतरवता जेट बोट घ्यायचीच नाही, कितीही चांगली डील असू दे, मालक म्हणेल घरी होस लावून चालू करून दाखवतो, त्याचा काही उपयोग नाही कारण पंप पाण्यात लोड आल्याशिवाय काहीच बोलत नाही. फोनवरच सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. आल्या आल्या इंजिनाला हात लावून बघा, गरम असेल तर इंजिन थंड असताना स्टार्ट होत नाही हे लपवायला आधीच चालू करून ठेवलं असू शकतं. रॅम्पवर उतरलात की आधी चार मिनिटं ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा), मग स्टार्ट. नो-वेकमध्ये, म्हणजे लाटा न उठवता जायच्या भागात, हळू जाताना जेट बोट डावी-उजवीकडे भरकटते, तो तिचा स्वभाव आहे, दोष नाही, पण नवीन यामाहात खाली फिन असल्यामुळे हे कमी वाटतं, जुन्या मॉडेलला कोणी वेगळी बसवून घेतली असेल तर बोनस. मग मोकळ्या पाण्यात थांबलेल्या बोटीला एकदम थ्रॉटल द्या. चांगला पंप लगेच पकडतो आणि बोट उसळून पुढे जाते. इंजिन ओरडतंय, आरपीएम चढतोय आणि बोट नुसती रेंगाळतेय, म्हणजे पंप हवा खातोय, एकतर जाळीत काही अडकलंय नाहीतर इम्पेलर-रिंगची गडबड. यामाहाचं १.८ लिटरचं इंजिन फुल थ्रॉटलला साडेसात हजार आरपीएमच्या आसपास जायला हवं, तिथपर्यंत पोचतच नसेल तर इंजिनात गडबड असू शकते. दोन इंजिनं असली तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघा, २००-३०० चा फरक पण कारण मागतो.

रिव्हर्स पण तपासा. या बोटींना गियर नसतो, नॉझलवर बादलीसारखं एक झाकण खाली येतं आणि पाणी पुढे वळवतं. न्यूट्रलमध्येही इम्पेलर फिरतच असतो. म्हणजे पोरं मागून चढत असताना इंजिन पूर्ण बंद, न्यूट्रल नाही, लांब केस आणि सैल दोऱ्या आत ओढल्या जाऊ शकतात. "पंखा नाही म्हणून सेफ" हे अर्धंच खरं आहे. आणि गाडी चालवणाऱ्यांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट, थ्रॉटल सोडला की स्टीअरिंगही जवळजवळ जातं, समोर काही आलं तर घाबरून थ्रॉटल सोडायचा नाही, थोडा ठेवून वळवायचं. घरात जो जो चालवणार आहे त्याने टेस्टलाच हे करून बघावं, जमत नसेल तर वेगळी बोट बघा, त्यात काही कमीपणा नाही. बाहेर काढल्यावर बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) उघडा, किती पाणी आलंय ते बघा. थोडं चालतं, बादलीभर नाही.

ट्रेलरकडे कोणी बघत नाही. टायरवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष, पाच-सहा वर्षांच्या पुढचे असतील तर बदलायचे, नक्षी कितीही शाबूत असली तरी. रॅम्पवरून आल्यावर हबला हात लावा, चटका बसला तर बेअरिंग गेलं. आणि तुमची गाडी काय ओढते? हायलँडर पेट्रोलवाली ५,००० पाउंड, हायब्रिड ३,५००, ओडिसी ३,५००. १९ फुटी बोट, ट्रेलर, पेट्रोल, कूलर, सगळं धरलं की ओडिसीची मर्यादा जवळजवळ संपते, आणि २४ फुटीसाठी तर ट्रकच लागेल. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे बोट दारात आल्यावर कळतं.

कागद. बोटीच्या मागे उजव्या बाजूला १२ अक्षर-आकड्यांचा एचआयएन, म्हणजे बोटीचा ओळख नंबर, असतो, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष, तो टायटलशी अक्षरन् अक्षर जुळवा. टेक्सासमध्ये बोटीचं टायटल पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटकडे असतं आणि ट्रेलरचं काउंटी टॅक्स ऑफिसमध्ये, दोन्ही वेगळी. टायटलवर बँकेचं लीन (न फेडलेल्या कर्जाचा हक्क) असेल तर मालकाच्या हातात चेक देऊ नका, बँकेतच व्यवहार करा. ६.२५ टक्के सेल्स टॅक्स बजेटमध्ये धरा. बोट महाग असेल तर मरीन सर्व्हेअर (बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस) बोलवा, इन्शुरन्सवालेही जुन्या बोटीला कधीकधी त्याचा रिपोर्ट मागतात. १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे अशी बोट चालवायला बोटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे घरातली मोठी पोरं आणि आता बरेच तरुण आई-बाबा पण त्यात आले. १३ वर्षांखालच्या मुलांना अशा बोटीत, ती नांगरलेली किंवा बांधलेली नसेल तेव्हा, लाइफ जॅकेट घालावंच लागतं.

घासाघीस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा, तेव्हा लोकांना हिवाळ्याचं स्टोरेज नको असतं. मार्चमध्ये तीच बोट महाग मिळते. आणि पैसे देण्याआधी मागून घ्या: दोन्ही किल्ल्या, लॅनयार्ड, फ्लशच्या होसचा अडॅप्टर, मॅन्युअल, जुनी बिलं आणि फायर एक्स्टिंग्विशर. डिस्पोजेबल असेल तर बुडावर बनवल्याचं वर्ष बघा, १२ वर्षं झाली असतील तर तो बाद, नवीन आणा.