मराठवाड्यात राहून मिश्र माध्यमात काम करायचं तर

मिश्र माध्यमाचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, थर सुटल्यामुळे. कागदावर कापड, कापडावर माती, मातीवर रंग असा ढीग चढवताना खालच्याने वरच्याला धरून ठेवलं पाहिजे. कॉलेजात न जाता शिकणाऱ्याने रेखांकनाइतकाच वेळ या पकडीवर घालवावा.

अजिंठ्याला जाणारे चित्रातले चेहरे बघून परत येतात. जिथे गिलावा पडला आहे तिथे थांबून बघा. दगडावर मातीचा थर, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, वर चुन्याचा पातळ हात आणि मग गेरू, पिवळी माती, काजळ यांसारखे रंग. तूस आणि धागे तिथे शोभेला घातलेले नाहीत, मातीला भेग पडू नये म्हणून घातले आहेत.

आपल्याकडची काळी माती हा हौशी कलाकाराचा पहिला मोह. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडतात त्याच भेगा फळीवरही पडतात. ढेकूळ रात्रभर बादलीत भिजवा, ढवळा, मिनिटभर थांबा म्हणजे वाळू तळाला बसेल. वरचं गढूळ पाणी मलमलमधून दुसऱ्या भांड्यात ओता. असं तीनदा करा, मग गाळ बसू द्या, वाळवा आणि खलात घोटा. ही भुकटी आणि अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग नसलेला, चिकटवणारा द्रव) मापाने सारखं घ्या, त्यात मूठभर बारीक कापलेला अंबाडीचा वाख घाला. थर पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा जास्त नको, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. भेगाच हव्या असतील तर थर जाड द्या, पण कडक फळीवर. पूर्ण वाळल्यावर भेगांमध्ये पाणी घातलेलं मीडियम ब्रशने मुरवा. कॅनव्हासवर हा प्रयोग करू नका, कॅनव्हास हलला की खपल्या उडतात.

फळी म्हणून १२ मिमी प्लायवूड बरं. पुढून लावाल तेवढेच प्रायमरचे हात मागून आणि चारही कडांना द्या. एकाच बाजूने लावलं तर पावसाळ्यात फळीला बाक येतो. तयार गेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा पांढरा प्रायमर, महाग वाटत असेल तर एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी, दोन भाग खडूची भुकटी आणि थोडा पांढरा अ‍ॅक्रिलिक घ्या. तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर मारा. हा गेसो सरावाला चालतो. विकायच्या कामाला मात्र अ‍ॅक्रिलिकचाच वापरा, कारण साधा फेविकॉल दमटपणात मऊ पडतो.

बोअरचं जड पाणी रंगात घालू नका. गडद रंग वाळला की क्षारांची पांढरी झाक वर येते आणि ती पुसून जात नाही. फिल्टरचं किंवा धरून ठेवलेलं पावसाचं पाणी वापरा. मे महिन्यात पॅलेटवरचा अ‍ॅक्रिलिक बघता बघता सुकतो. त्यावर उपाय म्हणजे पोळ्यांचा डबा: तळाला ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, काम थांबलं की झाकण.

गोणपाट आधी गरम पाणी आणि साबणाने धुवा. तागावर तेलाचा अंश असतो, त्यावर गोंद बसत नाही. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, तो पिवळेपणा चित्राचा भाग करता येत नसेल तर मजकुराची लेझर प्रिंट काढून लावा. इंकजेटची शाई ओल्या गोंदात पसरते. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे. सुती चिंध्यांचा हातकागद कोलाजला, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्राला, फार चांगला. तो टिपकागदासारखा रंग पीत असेल तर आधी पातळ मीडियमचा एक हात द्या. हळदीचा पिवळा उजेडात उडतो, तिथे पिवळी माती वापरा. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही.

काम झालं की आठवडाभराने चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीला काही चिकटून आलं तर ते चित्र विकायला काढू नका.

किंमत लावताना गोंधळ होतो तो कमिशनमध्ये. समजा १२ बाय १६ इंचाच्या कामाला साहित्य ६०० रुपये, १४ तासांचे ताशी १०० प्रमाणे १४००, फ्रेम ९००. म्हणजे २९०० हाती यायला हवेत. गॅलरी ४० टक्के घेते म्हणून लोक २९०० वर ४० टक्के चढवून ४०६० लिहितात. त्यातून गॅलरीचे १६२४ गेले की उरतात २४३६. २९०० ला ०.६ ने भागा, किंमत येते सुमारे ४८३५. हीच किंमत घरी आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगा. लातूरात एक आणि मुंबईत दुसरी असा भाव ठेवलात तर गॅलरी पुन्हा दारात उभं करणार नाही.

नवख्याला पहिली गिऱ्हाइकं बहुधा दवाखाने, वकिलांची ऑफिसं आणि वास्तुशांतीची भेट शोधणारे नातेवाईक. त्यात कमीपणा नाही, पण ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या आणि दोन ओळी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. पुढे त्याच्या प्रिंट विकायच्या असतील तर कॉपीराइट चित्रकाराकडेच राहील ही ओळ हवीच. मासिकातले फोटो किंवा सिनेमाची पोस्टरं कापून केलेल्या कोलाजच्या प्रिंट काढताना तर दुप्पट सावध राहा.

स्पर्धांमध्ये कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आणि १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन यांवर नजर ठेवा. नियमावलीतला आकार, वजन आणि फ्रेमचा नियम आधी वाचा. मिश्र माध्यमाची कामं जाडी आणि वजनापायी अडकू शकतात. प्रवेशासाठी फोटो सकाळच्या सावलीत काढा, उजेड एका बाजूने येऊ द्या म्हणजे पोत दिसतो. समोरून फ्लॅश मारला की माती सपाट दिसते.

काच लावायची तर इंचभर खोल बॉक्स फ्रेम सांगा, पोत काचेला टेकता कामा नये. पाठवताना बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका. उन्हात तापलेल्या टेम्पोत अ‍ॅक्रिलिक चिकट होतो आणि बुडबुड्यांची नक्षी चित्रावर कायमची उमटते. आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप. फळीच्या मागे नाव, वर्ष आणि थर कोणत्या क्रमाने दिले ते पेन्सिलीने लिहा. दहा वर्षांनी एखादा कोपरा उचकटला तर दुरुस्त करणारा आधी तेच शोधेल.