पहिला कथासंग्रह काढायची घाई झालेल्यांसाठी

कथा लिहून झाली की ती लगेच लोकांपुढे जावी असं वाटतं. वाटणारच, जीव ओतलेला असतो. पण तिच्या जाहिरातीचं पोस्टर करायला घेण्याआधी ती एखाद्या कडक संपादकाच्या हाताखालून जाऊ द्या.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे पैसे भरून पुस्तक काढणं. मी त्यातून गेले आहे. हस्तलिखित आठवड्याभरात 'स्वीकारलं' गेलं, मागोमाग खर्चाचा आकडा आला. मुखपृष्ठ, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रकाशन समारंभ, शाल-श्रीफळ, सगळं त्यात धरलेलं. वर ठरावीक प्रती मीच विकत घ्यायच्या. पैसे गेले ते गेले, पण खरं नुकसान वेगळंच आहे आणि ते नीट समजून घ्या. असा प्रकाशक आपली कमाई छपाईआधीच तुमच्याकडून वसूल करतो. पुस्तक खपलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. मग तुमची कथा फसली आहे हे तो कशाला सांगेल? गिऱ्हाईक हातचं जाईल ना! म्हणून तिथे कथा कुणी वाचतच नाही. माझ्या संग्रहाचं फक्त मुद्रितशोधन झालं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, कथा कच्च्या त्या कच्च्याच राहिल्या. पुढचे कित्येक महिने त्याच कच्च्या कथांची पोस्टरं आणि व्हिडिओ करण्यात गेले. नवीन काही लिहून झालं नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढणं वाईट नाही. फक्त आधी विचारा, संपादन कोण करणार आणि त्यांच्याशी बोलता येईल का? टाळाटाळ दिसली की सरळ नाही म्हणा.

संपादन म्हणजे काय ते मला एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी दाखवलं. कथेतली बाई एसटीने माहेरी जाते. त्यांचा फोन आला, "ताई, ती चिपळूणला गाडीत चढते तेव्हा हातात पिशवी आहे. उतरते तेव्हा नाही. पिशवी गेली कुठे?" मला उत्तर देता येईना. ते शोधताना लक्षात आलं की बाई ती पिशवी मुद्दाम सोडून उतरली होती. त्यावरून अख्खी कथा पुन्हा लिहिली. हजार लाइक आले असते तरी हा प्रश्न कुणी विचारला नसता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी 'सत्यकथा' मासिकात लेखकांकडून पुनर्लेखन करून घेतलं ते याचसाठी. ते मासिक 1982 मध्ये बंद पडलं, पण तसं वाचणारे संपादक आजही आहेत.

कवी अरुण कोलटकरांचं मला फार कौतुक वाटतं. पोटापाण्याचा धंदा जाहिरातीचा, म्हणजे माल कसा खपवायचा हे त्यांना पुरतं ठाऊक. तरी 1977 च्या मराठी कवितासंग्रहानंतर पुढचा यायला 2003 उजाडलं. इतकं थांबा असं मी म्हणणार नाही. पण थांबल्याने लोक आपल्याला विसरतील ही भीती मनातून काढून टाका.

बड्या लेखकाच्या प्रस्तावनेमागे धावू नका. न वाचता लिहिलेली प्रस्तावना वाचकाला पहिल्याच पानावर कळते. 'गुरू' करायचाच तर कौतुक करणारा नको, शंका काढणारा करा.

आणि प्रसिद्धीची लाज बाळगू नका. कथा छापून आली की जरूर सांगा, एखादा उतारा द्या, अंक कुठे मिळेल ते लिहा. तेवढं केलंत की पुढच्या कथेला लागा.

दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर जून-जुलैपर्यंत पाठवा, गणपती आले की बहुतेकांची पानं भरलेली असतात. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नका. नकार आला तर चार दिवस वाईट वाटू द्या, मग कथा पुन्हा वाचा, दुरुस्त करा आणि दुसरीकडे पाठवा. माझी पिशवीची कथासुद्धा आधी एकीकडून परत आली होती.