पावसानंतर परांचीवर चढण्याआधी

रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी परांची आधी खालून बघा. नाशिकमध्ये बऱ्याच प्लॉटवर काळी माती आहे. ती भिजली की बांबू खचतो आणि वरची फळी कलते. प्रत्येक उभ्या बांबूखाली जाड लाकडी फळी हवी. विटांचे तुकडे नकोत, ते फुटतात.

मग गाठी. काथ्याची दोरी हाताने ओढून बघा. काळी पडलेली, तंतू सुटलेली दिसली की बदला. मिस्त्री ‘चालतंय हो’ म्हणेल, म्हणू दे. बांबूला उभी चीर गेली असेल तर तो काढायचाच, वरून दोरी गुंडाळून भागत नाही. फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या, कठडा साधारण 1 मीटर उंच, आणि परांची भिंतीला ठिकठिकाणी घट्ट जखडलेली हवी.