जर्मनीत रेल्वे ट्रॅक्शन शिकायला येताय? आधी २१० वाचा

मेकॅनिकल करून इकडे मास्टर्सला ट्रॅक्शन, म्हणजे गाडी ओढायच्या ताकदीचा विषय, घेणाऱ्या पोरांचं ठरलेलं असतं, प्रोजेक्ट म्हणलं की डायरेक्ट हायड्रोजन नाहीतर बॅटरी. घ्या की, पण त्याआधी जुन्या पश्चिम जर्मन रेल्वेच्या २१० सिरीजवर, म्हणजे डिझेलच्या जोडीला गॅस टर्बाईन असलेल्या लोकोंवर (रेल्वे इंजिनांवर), थोडा वेळ घाला, हायब्रिडचं निम्मं डोकं तिथंच तयार होतं.

सुरुवात १९६५ च्या व्ही १६९ या आधीच्या लोकोपासून करा. तसा एकच बनला, त्यात १९०० एचपीचं डिझेल आणि जोडीला जीईची (जनरल इलेक्ट्रिक) ९०० एचपीची गॅस टर्बाईन. मग १९७०-७१ मध्ये क्रुप कंपनीने आठ २१० बनवली, एमटीयू कंपनीचं २५०० एचपीचं डिझेल आणि वर ११५० एचपीची लायकमिंग टी५३ टर्बाईन, म्हणजे ह्युई हेलिकॉप्टरात असते तीच. नुसती टर्बाईन जेमतेम अडीचशे किलो, तेवढ्या ताकदीचं जादा डिझेल चार ॲक्सलच्या लोकोत बसवायचं तर ॲक्सल लोडची (एका ॲक्सलवर येणाऱ्या वजनाची) बोंब, म्हणून हा खटाटोप. म्युनिक-लिंडाऊ लाईनला विजेची वायर नव्हती, वळणं आणि चढ भरपूर, तिथं कसारा घाटात बँकर (चढाला मागून ढकलणारं जादा इंजिन) लावतात तसा हा बूस्टर, फरक एवढाच की बँकर पोटातच घेऊन फिरायचं. चढ आला, स्पीड पकडायचा असला की टर्बाईन चालू, एरवी डिझेल एकटं.

आता अभ्यास कसा करायचा. पहिलं काम म्हणजे लोड विरुद्ध इंधन हा कर्व्ह दोन्हींसाठी, डिझेल आणि टर्बाईन, हाताने काढा, सॉफ्टवेअर नंतर. कमी लोडवर टर्बाईन किती पिते ते डोळ्यांनी दिसतं आणि ती सतत चालू का ठेवत नव्हते ते आपोआप कळतं. पण बंद-चालू केली की गरम-थंड, गरम-थंड, आणि ते टर्बाईनच्या ब्लेड-डिस्कला (पाती आणि त्यांची चकती) अजिबात मानवत नाही. सेमिनारला हमखास इथंच पकडतात, पीक पॉवरवर कोणी विचारत नाही.

पुढं १९७३ ला तेल महागलं, १९७८ पर्यंत टर्बाईनचे गंभीर बिघाड झाले, मग त्या बंदच ठेवल्या आणि १९८०-८१ मध्ये काढून टाकल्या. तेच आठ लोको २१८ ९०१ ते ९०८ नंबर घेऊन नुसत्या डिझेलवर पुढं कित्येक वर्षं धावले. माझ्या मते आयडिया चुकीची नव्हती, मेंटेनन्सचा खर्च झेपला नाही. बॅटरी तेच काम करते, चढाला जोर, पण बंद-चालूचा त्रास नाही.

आणि हो, यावरचं बरंचसं खोलातलं वाचन जर्मनमध्येच आहे, त्यामुळे निघायच्या आधी भाषेची बी१ (मधली) पातळी तरी उरकून घ्या.